१७९५ चा उन्हाळा : मेरी वुल्स्टनक्राफ्टचा उत्तरेकडील प्रवास

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे खिशांत पैसा आणि मनांत निश्चिंती असलेल्या माणसानें फुरसतीनें केलेलें लिखाण, अशी आपली सामान्य समजूत असते. आज ज्या पुस्तकाविषयीं बोलावयाचें आहे, तें या समजुतींत बसणारें नाहीं. १७९६ सालच्या जानेवारींत लंडनमधील जोसेफ जॉन्सन या प्रकाशकानें पंचवीस पत्रांचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. आदल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांत केलेल्या प्रवासाची हकीकत त्यांत होती. लेखिका होती मेरी वुल्स्टनक्राफ्ट. तिच्याबरोबर तेरा महिन्यांची मुलगी फॅनी आणि मार्गरीट नांवाची फ्रेंच दासी, एवढींच माणसें होतीं. पत्रें ज्याला लिहिलीं त्याचें नांव पुस्तकांत नाहीं. ज्या कामासाठीं ती गेली त्या कामाचाही खुलासा नाहीं. तें काम कोणतें होतें, आणि तें न सांगतां तिनें जें सांगितलें तें इतकें टिकाऊ कां ठरलें, या दोन प्रश्नांचा आपण आज विचार करूं.

मेरीचा जन्म लंडन येथें २७ एप्रिल १७५९ रोजीं झाला. १७९२ सालीं तिनें स्त्रियांच्या हक्कांचें समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. स्त्री दुर्बळ दिसते ती निसर्गानें नव्हे, तर तिला मिळणाऱ्या शिक्षणानें, असें तिचें म्हणणें होतें. या ग्रंथानें तिचें नांव युरोपभर झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधील राज्यक्रांति डोळ्यांनीं पाहावी म्हणून ती एकटीच पॅरिसला गेली. तेथें गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन गृहस्थाशीं तिचा स्नेह जडला. त्यांचा विधिपूर्वक विवाह झाला नाहीं. परंतु इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यांत युद्ध पेटल्यावर पॅरिसमधील इंग्रजांना अटकेचें भय उत्पन्न झालें, तेव्हां संरक्षणासाठीं अमेरिकन वकिलातींत तिची नोंद इम्लेची पत्नी म्हणून करण्यांत आली. १४ मे १७९४ रोजीं ल हाव्र बंदरांत फॅनीचा जन्म झाला. पुढें इम्लेचें मन हळूहळू तिच्यावरून उडालें. १७९५ च्या एप्रिलमध्यें ती मुलीसह लंडनला परतली, तों तेथें त्याचें दुसरीकडे सूत जमल्याचें तिला समजलें. मे महिन्यांत तिनें जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांतून वांचल्यावर थोड्याच दिवसांत इम्लेनें तिला आपल्या कामावर उत्तरेकडे पाठविण्याचें ठरविलें, आणि तीही तयार झाली. त्याचें काम आपण पार पाडलें तर त्याचें मन पुन्हां आपल्याकडे वळेल, ही आशा तिनें सोडलेली नव्हती.

आतां त्या कामाकडे वळूं. १७९३ पासून ब्रिटिश आरमारानें फ्रान्सची नाकेबंदी चालविली होती. फ्रान्समध्यें धान्याची टंचाई होती आणि बाहेरून माल आणणें अत्यंत जोखमीचें झालें होतें. स्वीडन हें एक राज्य आणि डेन्मार्क व नॉर्वे मिळून दुसरें राज्य, हीं दोन्हीं मात्र युद्धांत तटस्थ होतीं. तटस्थ राष्ट्राचें निशाण लावलेल्या जहाजाला समुद्रावरून ये-जा करण्यास पुष्कळ सवलत मिळे. अशा वेळीं चतुर व्यापारी काय करीत? जहाज आपल्या पैशानें विकत घेत. पण कागदोपत्रीं तें एखाद्या स्वीडिश किंवा नॉर्वेजियन माणसाच्या नांवावर चढवीत. इम्लेनें हेंच केलें. पेडर एलेफसेन या तरुण नॉर्वेजियन कप्तानाच्या नांवावर त्यानें एक जहाज केलें आणि त्यावर चांदीच्या लगडी व चांदीचीं ताटें भरून १७९४ च्या ऑगस्टमध्यें तें ल हाव्रहून रवाना केलें. गोथेनबर्ग येथें एलियास बाकमान नांवाचा त्याचा भागीदार होता. त्याच्या हातीं ही चांदी पडावयाची होती. ती तेथें पोंचली नाहीं. या युक्तींतच तिचा घात होता. जहाजाचा मालक कागदावर एलेफसेनच असल्यामुळें त्याच्याविरुद्ध उघड फिर्याद करावयाची म्हणजे आपली लबाडी आपणच जाहीर करणें होय. म्हणून तडजोडीनें कांहीं पदरांत पडतें का, हें पाहण्यासाठीं इम्लेला विश्वासाचें माणूस पाहिजे होतें. १९ मे १७९५ च्या मुखत्यारपत्रांत त्यानें मेरीचा उल्लेख आपली उत्तम मैत्रीण आणि पत्नी असा केला आहे. ज्या पुरुषाचें मन तिच्यावरून उडालें होतें, त्यानेंच व्यवहाराच्या कागदावर तिला पत्नी म्हटलें. हा सारा प्रकार जवळजवळ दोन शतकें अंधारांत होता. पेर न्यूस्ट्रम या स्वीडिश इतिहासकारानें जुनीं दप्तरें चाळून तो १९८० च्या सुमारास उजेडांत आणला.

जून महिन्यांत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल बंदरांतून त्या तिघींचा प्रवास सुरू झाला. जहाज उतारूंसाठीं नव्हतें. त्यावर अकरा दिवस काढावे लागले. वारा प्रतिकूल असल्यानें कप्तानाला ठरलेल्या बंदरांत शिरतां येईना. तेव्हां मेरीनें आग्रह धरून एक होडी सोडावयास लाविली आणि गोथेनबर्गच्या दक्षिणेस खडकाळ किनाऱ्यावर ती मुलीसह उतरली. तेथें एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं त्यांना आसरा मिळाला. जेवतांना तिनें इतके प्रश्न विचारले कीं, तुम्ही तर पुरुषांनीं विचारावयाचे प्रश्न विचारतां, असें तो गृहस्थ तिला म्हणाला. दुसरे दिवशीं खडकांच्या फटींतून डोकावणारीं रानफुलें पाहून ती स्वतः हरखून गेली. फॅनीला मात्र फुलांपेक्षां तेथें सांपडलेलीं रानटी स्ट्रॉबेरीचीं फळें अधिक गोड वाटलीं, असें तिनें नमूद केलें आहे.

तेथील उन्हाळी रात्रींचें वर्णन या पुस्तकांत वारंवार येतें. मध्यरात्रींही दिव्यावांचून लिहितां येतें, रंग मावळतात पण काळोख होत नाहीं, या गोष्टीचें तिला मोठें नवल वाटलें. याचें कारण असें. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें जूनमध्यें उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. सूर्य क्षितिजाखालीं अठरा अंश उतरला म्हणजे आकाश पूर्ण काळें होतें. मुंबईस जूनच्या मध्यरात्रीं तो सुमारें ४८ अंश खालीं असतो. गोथेनबर्ग येथें मात्र तो जेमतेम नऊ अंशच उतरतो. त्यामुळें संध्याकाळचा संधिप्रकाश मावळण्यापूर्वींच पहाटेचा सुरू होतो. झोंप उडालेल्या, मन पोळलेल्या त्या स्त्रीला ही शांत, फिकट रात्र सोबतीसारखी वाटली. मुलगी जवळ निजलेली आणि बाहेर सारें जग स्तब्ध, अशा वेळीं तिनें आपले विचार लिहून ठेवले.

परंतु निसर्ग पाहून ती माणसांना विसरली नाहीं. स्वीडनमध्यें नोकरांना धन्यापेक्षां हलकें अन्न आणि तुटपुंजें वेतन मिळतें हें तिच्या नजरेंतून सुटलें नाहीं. हिंवाळ्यांत नदीच्या बर्फाळ पाण्यांत कपडे धुणाऱ्या मोलकरणींचे हात फुटून रक्त येतें, तरी बरोबरीचा पुरुष नोकर त्यांची बालदी उचलण्यास हात लावीत नाहीं. कारण तें बायकांचें काम! हा तपशील तिनें मुद्दाम दिला आहे. लहान मुलांना लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून हवा व पाणी यांपासून दूर ठेवण्याच्या चालीवरही तिनें टीका केली आहे.

चांदीच्या कामासाठीं तिला नॉर्वेला जाणें भाग होतें. लहान मुलीला समुद्रावर आणि खडकाळ रस्त्यांवर हिंडविणें योग्य नव्हे म्हणून फॅनीला मार्गरीटजवळ गोथेनबर्ग येथें ठेवून ती एकटी निघाली. जन्मापासून दोघींची अशी ताटातूट झाली नव्हती. याच सुमारास लिहिलेल्या पत्रांत मुलीविषयींची तिची चिंता प्रगट होते. स्त्रीजातीची परवशता आठवून ती म्हणते कीं, या मुलीचें मन मीं सुसंस्कृत आणि संवेदनाक्षम केलें, तर ज्या जगांत तिला राहावयाचें आहे त्या जगांत ती सुखी होईल काय? स्त्रीशिक्षणाचा निःशंक पुरस्कार करणाऱ्या लेखिकेला आपल्या लेकीपुढें ही शंका पडावी, हें विचार करण्यासारखें आहे. तिनें आपलें मत सोडलें नाहीं. पण त्याची किंमत कोणाला द्यावी लागेल, हें तिला आई झाल्यावर दिसूं लागलें.

नॉर्वेमधील टन्सबर्ग या गांवीं तिला सुमारें तीन आठवडे थांबावें लागलें. हा काळ तिला औषधासारखा लागू पडला. ती समुद्रांत स्नान करी, होडी वल्हविण्यास शिकली, पाइन वृक्षांच्या वनांत फिरे. गालांवर पुन्हां रंग आला, असें तिनेंच लिहिलें आहे. तेथील शेतकरी आपापल्या लहान शेतांचे मालक होते. कोणा जमीनदाराचे ताबेदार नव्हते. त्यांच्या वागण्यांतील मोकळेपणा तिला फार आवडला. आपल्या देशांत विद्यापीठ व्हावें अशी तेथील लोकांची इच्छा असल्याचेंही तिनें लिहून ठेवलें आहे. तें विद्यापीठ पुढें १८११ मध्यें स्थापन झालें, आणि १८१४ मध्यें नॉर्वेनें आपली राज्यघटना केली. याच्या उलट अनुभव तिला एलेफसेनच्या रीसर या गांवीं आला. मागें उभे कडे, पुढें समुद्र, आणि लोकांच्या तोंडीं व्यापाराच्या हिकमतींशिवाय दुसरा विषय नाहीं. तेथें तिला कोंडल्यासारखें झालें.

तेथून ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, पाहून, फ्रेडरिकस्टाटजवळच्या प्रचंड धबधब्यापाशीं थांबून ती परतली. वाटेंत ट्रॉलहेटान येथें खडक फोडून कालवा काढण्याचें काम चाललें होतें. तो कालवा १८०० सालीं खुला झाला. माणसाच्या उद्योगाचें तिनें कौतुक केलें, पण असें भव्य स्थळ एकांतांत तसेंच राहूं दिलें असतें तर बरें होतें, असेंही तिला वाटलें. मग फॅनीची भेट झाली, आणि तिघी मिळून कोपनहेगनला गेल्या. जूनमधील भयंकर आगीनें त्या शहराचा मोठा भाग जळून गेला होता. आग पसरण्यापूर्वीं मधलीं घरें पाडलीं असतीं तर ती आटोक्यांत आली असती. परंतु घरमालक त्यास तयार झाले नाहींत, हें तिचें निरीक्षण मार्मिक आहे. ५ सप्टेंबर रोजीं तिनें डेन्मार्कचे मुख्य मंत्री बेर्नस्टोर्फ यांना पत्र लिहून न्यायाची मागणी केली. पुढें हॅम्बुर्ग येथें इम्ले भेटेल अशी तिची आशा होती. तो आला नाहीं. युद्धावर धनवान झालेल्या तेथील व्यापाऱ्यांवर तिनें जे कडक शब्द लिहिले आहेत, त्यांचा रोख कोणाकडे होता हें आतां आपल्याला कळतें. तेथून डोव्हर, आणि डोव्हरहून लंडन.

लंडनला इम्ले दुसऱ्या स्त्रीबरोबर राहत असलेला आढळला. ऑक्टोबरांत एका पावसाळी रात्रीं मेरीनें पटनीच्या पुलावरून थेम्स नदींत उडी घेतली. बेशुद्ध अवस्थेंत तिला लोकांनीं बाहेर काढलें. यानंतर अवघ्या तीन महिन्यांत हें पुस्तक छापून बाहेर पडलें, ही गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. प्रवासांत तिनें इम्लेला लिहिलेलीं खासगी पत्रें तिच्या मृत्यूनंतर १७९८ सालीं प्रसिद्ध झालीं. तीं आणि हें पुस्तक शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे फरक ध्यानांत येतो. खासगी पत्रांत विनवणी आहे, राग आहे, तोच तोच प्रश्न आहे. पुस्तकांत तेंच दुःख आहे. परंतु त्याच्या भोंवतीं समुद्र, डोंगर, शेतकरी, मोलकरणी, कैदी आणि राजे उभे आहेत. स्वतःच्या व्यथेपलीकडे पाहण्याची सवय तिनें सोडली नाहीं, म्हणून त्या व्यथेला प्रमाण लाभलें. या पुस्तकाच्या टिकाऊपणाचें कारण मला तरी हेंच दिसतें.

विल्यम गॉडविन या तत्त्ववेत्त्याचें मन हें पुस्तक वाचून तिच्याकडे ओढलें गेलें. २९ मार्च १७९७ रोजीं दोघांनीं विवाह केला. ३० ऑगस्टला तिला दुसरी मुलगी झाली, आणि १० सप्टेंबरला बाळंतरोगानें मेरी मरण पावली. ती दुसरी मुलगी म्हणजे पुढें ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी लिहिणारी मेरी शेली. आईला तिनें पाहिलें नव्हतें. पण १८१४ सालीं घर सोडून युरोपांत गेली, तेव्हां आईचें हें प्रवासाचें पुस्तक तिनें बरोबर नेलें होतें. फॅनीचें नशीब मात्र वेगळें निघालें. गॉडविनच्या घरीं ती वाढली. शांत, समंजस, इतरांसाठीं झिजणारी अशी तिची ख्याति होती. १८१६ च्या ऑक्टोबरमध्यें वेल्समधील स्वान्सी येथें एका खाणावळींत, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, तिनें आपलें जीवित संपविलें.

उत्तरेच्या त्या उजळ रात्रीं आईनें जी शंका कागदावर उतरविली, तिचें उत्तर फॅनीच्या वांट्यास आलें नाहीं. मुलींना शिकवून शहाणें करावयाचें, आणि ज्या जगांत त्यांना पाठवावयाचें तें जग मात्र जसेंच्या तसें ठेवावयाचें, हें चालणार नाहीं. दोन्हीं कामें बरोबरच केलीं पाहिजेत. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं हीं पंचवीस पत्रें अवश्य वाचावींत. त्यांतील मुलीविषयींचा भाग आला म्हणजे थोडें थांबावें आणि आपल्या घरच्या लेकींकडे एकवार पाहावें, एवढीच माझी विनंती आहे.