मोठा कुत्रा आणि त्याचे सांधे

हल्ली गावोगावी मोठ्या जातीची कुत्री दिसू लागली आहेत. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगातसुद्धा गावठी कुत्र्यांच्या जोडीला लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड आले. पिल्लू आणताना सगळे विचारतात, ‘राखण करेल का? चावेल का?’ पण ‘याचे सांधे जन्मभर टिकतील का?’ असं कुणी विचारत नाही. सात-आठ वर्षांनी तोच कुत्रा उठताना कण्हतो, पायरी चढत नाही, मागचे पाय ओढत चालतो. मग घरातले म्हणतात, ‘म्हातारा झाला, द्या कुठंतरी सोडून.’ खरं म्हणजे पुष्कळदा दोष नुसत्या वयाचा नसतो, वजनाचाही असतो. म्हणून हा लेखनप्रपंच!

आपल्या भाषेत सांगायचं तर हा स्ट्रक्चरचा प्रॉब्लेम आहे. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हे गणित मांडलं. प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा केला, तर त्याचं वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त चौपट वाढतं. म्हणजे हाडावरचा स्ट्रेस दुप्पट! पॉमेरेनियन सोफ्यावरून उडी मारतो आणि पळत सुटतो. तीच उडी चाळीस किलोच्या कुत्र्याला फार महागात पडते.

आता कमरेचा सांधा बघा. मांडीच्या हाडाचा गोळा आणि खुब्याची वाटी, म्हणजे चक्क बॉल अँड सॉकेट जॉइंट. काही पिल्लांत हा सांधा वाढताना सैल राहतो. गोळा वाटीत नीट बसत नाही, हलत राहतो, कूर्चा झिजते आणि संधिवात सुरू होतो. याला ‘हिप डिसप्लेसिया’ म्हणतात. हा दोष काही अंशी आनुवंशिक आहे, म्हणून पिल्लू घेताना आई-बापाच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का, हे जरूर विचारा. पण बाकीचा भाग आपल्या हातात असतो. जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असलेलं लॅब्रेडॉरचं पिल्लू वर्षभरात पंचवीस किलोच्या पुढं जातं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या कच्च्या हाडांवर आपण लाडाने चरबीचा बोजा टाकतो!

यावर अमेरिकेत एक छान प्रयोग झाला. लॅब्रेडॉरची ४८ पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या दोघांची एक जोडी. त्यातल्या एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर दिलं. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बघा: भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. शिवाय सांधेदुखीच्या औषधाची गरज कमी खाणाऱ्यांना साधारण तीन वर्षं उशिरा पडली. एवढं देणारं टॉनिक बाजारात कुठं मिळतं का?

टॉनिकवरून आठवलं. ‘हाडं मजबूत होतात’ म्हणून पिल्लांना कॅल्शियम पाजायची आपल्याकडे भारी हौस. पण जादा आलेलं कॅल्शियम लहान पिल्लाला नीट अडवता येत नाही, ते शरीरात शोषलं जातंच. हॉलंडमध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ उलट बिघडली. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाटली उघडू नका.

आमच्या घरी शेरू नावाचा तीन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, वजन ३० किलो. गावी आलेले मित्र म्हणतात, ‘काय बे, उपाशी ठेवतोस का याला?’ आजीचंही तेच, ‘वाळलंय बघ पोर, घाल की अजून एक भाकरी!’ मी त्यांना शेरूच्या बरगड्यांवर हात फिरवायला सांगतो. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. हाच खरा तराजू.

बाकी पथ्यं सोपी आहेत. वर्ष-दीड वर्षापर्यंत हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. तोवर जिन्यावरची पळापळ, उंच उड्या आणि गाडीमागं धावायला लावणं बंद. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, तिथं पोतं किंवा जुनी सोलापुरी चादर अंथरा. खरबरीत शहाबादी फरशी त्यापेक्षा बरी. नखं वाढू देऊ नका. रोज थोडं थोडं चालवा, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत. आणि दुखतंय म्हणून माणसाची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कधीच देऊ नका. त्याने पोटात अल्सर होतो, किडनी निकामी होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं असतात, ती पशुवैद्यांकडूनच घ्यावीत.

शेवटी होस्टेलवाल्यांना एक विनंती. मेसच्या दारात येणाऱ्या कुत्र्याला आपण प्रत्येक जण ‘एकच’ चपाती टाकतो. चाळीस जणांच्या चाळीस होतात, बरं का! त्यापेक्षा एकाने ठरवून वेळेवर खायला घालावं आणि बाकीच्यांनी नुसतं डोकं खाजवावं. कुत्र्याला तेवढंही पुष्कळ असतं.