पापळचा मुलगा एडिंबरोला

हल्ली शिवारात गेलो की उसाच्या नोंदीआधी सभासद विचारतात, "साहेब, पोराले सहा महिने युरोपात शिकाले धाडू का? उसाच्या बिलात भागंन का?"

आम्ही त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या पापळची गोष्ट सांगतो. १८९८ साली तिथं शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेस गेले. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो, आणि विषय कोणता? संस्कृत! वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, बॅरिस्टरही झाले. वेद शिकायला विलायत गाठावी, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. खर्चासाठी वडील शामरावांनी शेती गहाण टाकली, असं सांगतात. परतल्यावर त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्रिपद सांभाळलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं.

पण म्हणून लगेच सातबारा घेऊन बँकेत धावू नका. पंजाबराव पुरी पदवी घ्यायला गेले होते. एका सत्रासाठी जमीन अडकवणं आम्हाला पटत नाही. आधी कॉलेजात विचारा: तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे का? असल्यास फी बहुधा इथेच भरायची असते; विमान, खोली, जेवण तेवढं वर. त्या सत्राचे गुण इकडे धरतात का, तेही लेखी घ्या. पदव्युत्तर शिक्षणाला जायचं असेल तर सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. मराठा-कुणबी मुलांनी सारथीकडे, अनुसूचित जातीच्या मुलांनी समाजकल्याण खात्याकडे चौकशी करावी. मुलींनाही धाडा म्हणावं.