हेब्बाळचा खडक आणि बोअरवेलचे बिट

बंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळ परिसरात मातीचा थर संपला की कठीण नाइस व ग्रॅनाइट लागतो. तेथे बोअरवेल खोदताना बिटची निवड निर्णायक ठरते. थंड देशांत गोठलेल्या तळ्यावर मासेमारीसाठी छिद्र पाडणाऱ्या गिरमिटाला धारदार पाते पुरते. ते बर्फ तासते. खडक तासता येत नाही, तो फोडावाच लागतो. त्यासाठी दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा छिद्राच्या तळाशी आघात करतो आणि बिटवरील टंगस्टन कार्बाइडची बटणे दगडाचा चुरा करतात.

बटणे झिजून सपाट झाली की वेग मंदावतो व ती तडकण्याची भीती वाढते. म्हणून हिऱ्याच्या चाकावर घासून त्यांना पुन्हा गोलाई दिली जाते. कडेच्या बटणांची झीज अधिक घातक, कारण त्यामुळे बिटचा व्यास घटतो. अशा अरुंद छिद्रात मध्येच नवे बिट उतरविल्यास ते अडकते. कित्येकदा हातोडाही गमवावा लागतो. एकाच छिद्रासाठी बिटे व्यासाच्या उतरत्या क्रमाने वापरावीत, असा संकेत त्यातूनच रूढ झाला.

अर्थात, उत्तम बिट पाण्याची हमी देत नाही. या खडकात पाणी मुख्यतः भेगांतच साठते. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने विनापरवाना बोअरवेल खोदण्यास मनाई केली होती.