अकरा मजल्यांतलं गाव

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्स भागात ॲडमिरल्टी नावाचं मेट्रो स्थानक आहे. त्याला लागूनच अकरा मजल्यांची एक इमारत उभी आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर झाडं वाढवलेली आहेत. नाव 'काम्पुंग ॲडमिरल्टी'. काम्पुंग म्हणजे मलय भाषेत खेडं. तिच्या वरच्या मजल्यांवर, दोन भागांत, वयस्कर माणसांसाठी बांधलेली १०४ घरं आहेत. २०१८ साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या जागतिक वास्तुकला महोत्सवात तिला त्या वर्षीची सर्वोत्तम इमारत ठरवण्यात आलं. सरकारी गृहनिर्माण मंडळानं म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांना असा मान मिळावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जागा जेमतेम ०.९ हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकर. उंचीवर ४५ मीटरची मर्यादा. 'वोहा' या सिंगापूरच्याच वास्तुविशारद संस्थेनं मग एकावर एक थर रचले. तळाला चारी बाजूंनी खुला चौक ठेवला. वर सगळी इमारत असल्यामुळे तिथे ना ऊन लागतं, ना पाऊस, आणि सिंगापुरात पाऊस कधीही येतो. या चौकात व्यायामाचे वर्ग भरतात, सणाचे कार्यक्रम होतात, आणि काहीच नसलं तरी माणसं येऊन बसतात. त्याच्यावर हॉकर सेंटर, म्हणजे स्वस्तात ताजं गरम जेवण देणाऱ्या गाळ्यांचं मोठं दालन. त्याच्यावर दवाखाना. तोही साधासुधा नाही; वेगवेगळ्या तज्ज्ञांची तपासणी आणि त्याच दिवशी घरी सोडता येईल अशा शस्त्रक्रियाही तिथे होतात. आणखी वर ज्येष्ठांचं केंद्र आणि लहान मुलांचं पाळणाघर शेजारी शेजारी, त्यांना लागून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी बाग, आणि बागेत रहिवाशांनी भाजीपाला लावायचे वाफे.

मधुमेह असलेल्या माणसाच्या दृष्टीनं हे बघा. आपल्याकडे रक्त तपासायचं म्हणजे सकाळी उपाशीपोटी रिक्षा शोधायची, रक्त द्यायचं, घरी येऊन खायचं आणि दोन तासांनी पुन्हा जायचं. सोबतीला कुणाला तरी रजा काढायला लावायची. म्हणून कितीतरी आजी-आजोबा तपासणीच टाळतात, 'बरं वाटतंय की मला' म्हणत पुढे ढकलतात. इथे लिफ्टनं खाली दवाखान्यात जायचं, रक्त द्यायचं, त्याच्या खालच्याच मजल्यावर काहीतरी खायचं, बाकावर ओळखीच्या कुणाशी बोलत वेळ काढायचा आणि परत दवाखान्यात यायचं. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची वाट बघणं नाही.

घरं लहान आहेत: ३६ आणि ४५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण ३९० आणि ४८५ चौरस फूट. पण विचार बारकाईनं केलेला दिसतो. न्हाणीघरात आधाराला दांड्या, न घसरणारी फरशी, गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी, कपडे वाळत घालायची दांडी खाली ओढता येणारी, म्हणजे स्टुलावर चढायचं कारणच नाही. हवा आरपार खेळते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र घराबाहेरची आहे. शेजाऱ्यांच्या सामाईक प्रवेशापाशी बाकं ठेवली आहेत. दार उघडून दोन पावलांवर बसायला जागा असली की माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसाशी शेजारी बोलतो. चाळीच्या गॅलरीत जे आपोआप व्हायचं, ते इथे मुद्दाम जागा ठेवून घडवलं आहे.

या प्रकल्पातलं अवघड काम मात्र काँक्रीटचं नव्हतं. गृहनिर्माण मंडळ, आरोग्य खातं, उद्यानांचं खातं, हॉकर सेंटर चालवणारी यंत्रणा, पाळणाघरांची देखरेख करणारी यंत्रणा, प्रत्येकाचे नियम वेगळे आणि पैसा वेगळा. एरवी प्रत्येकानं आपापला भूखंड मागितला असता आणि दवाखाना एका टोकाला, बाग दुसऱ्या टोकाला गेली असती. त्यांना एका छताखाली आणलं, हे मला त्या पुरस्काराहून मोठं वाटतं.

याच्या अगदी उलट नमुना अमेरिकेत ॲरिझोनातल्या सन सिटीचा. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकानं १ जानेवारी १९६० रोजी ती वसाहत खुली केली. गोल्फचं मैदान, पोहण्याचा तलाव, करमणुकीचं केंद्र, आणि लहान मुलं वाढवणाऱ्या कुटुंबांना घर नाही. पहायला लोकांची झुंबड उडाली आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. तिथे सुखानं राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. तरीही म्हातारपणासाठी वेगळंच गाव वसवायचं, ही कल्पना मला पटत नाही. पाळणाघराचा गोंगाट कानावर येणारं घर मी पसंत करीन.

काम्पुंग ॲडमिरल्टीच्या मर्यादाही आहेत. घरं १०४च, आणि सिंगापुरात २०३०पर्यंत चारातला एक नागरिक ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल. घराचा ताबा ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो, ते खुल्या बाजारात विकता येत नाही. मुलांसाठी वारसा ठेवायचा असेल त्याला हे रुचणार नाही. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बागेचा काय उपयोग? देखभालीची गरज लक्षात घेऊन सिंगापूरनं २०२१ साली बुकिट बाटोक इथे ६५ आणि त्याहून अधिक वयाच्यांसाठी नवी घरं जाहीर केली, ज्यांत देखभालीची मूलभूत सेवा घराबरोबरच घ्यावी लागते.

आपल्याकडे पुण्याच्या आसपास निवृत्तांसाठीचे गृहप्रकल्प वाढत आहेत. २०२४मध्ये महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं त्यांच्यासाठी किमान नियमही आणले: चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद दारं, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, न्हाणीघरात आधार. हे होणं गरजेचंच होतं. पण हे नियम इमारतीपुरते आहेत. फाटकाबाहेर पदपथ आहे का, बस थांबते का, हे त्यांत येत नाही. तेव्हा आई-वडिलांसाठी असं घर पहायला जाल तर नमुना फ्लॅट बघून लगेच परत फिरू नका. त्यांना सोबत घ्या आणि फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत, बसथांब्यापर्यंत त्यांच्या चालीनं चालून बघा. ते अंतर त्यांना एकट्यानं जमत असेल तरच पैसे भरा.