मोटारीचा भोंगा आणि शेजाऱ्यांची झोंप

शहरांतील एखाद्या मोठ्या गृहसंस्थेच्या आवारांत रात्रीं दोन वाजतां मोटारीचा भोंगा एकाएकीं कोकलूं लागतो. चार खिडक्यांत दिवे लागतात, एखादें तान्हें मूल दचकून उठतें, आजारी माणसाच्या कपाळाला आठी पडते. आणि "रोजचेंच आहे" असें पुटपुटत सारी मंडळी पुन्हां कूस बदलते. खालीं उतरून त्या गाडीपाशीं कोण आहे हें पाहण्यास मात्र कोणीच जात नाहीं. चोर येऊं नये म्हणून पैसे खर्चून बसविलेल्या यंत्राची ही गत विचार करण्याजोगी आहे.

यंत्र घेणाऱ्या गृहस्थास वाटतें कीं, आपण मोटारीला पहारेकरी ठेवला. पण या पहारेकऱ्याला ना हात ना पाय. त्याला आहे फक्त गळा. त्यानें ओरडावयाचें आणि ऐकणाऱ्यानें धांवून यावयाचें, अशी ही कामाची वाटणी आहे. लांडगा आला म्हणून गांवाला फसविणाऱ्या गुराख्याच्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतों. तीच गोष्ट दारांत उभी असलेली आपली मोटार दर आठवड्यास सर्व शेजाऱ्यांना करून दाखवीत असते. निष्कारण वाजलेला प्रत्येक भोंगा हा शेजाऱ्यांच्या विश्वासाच्या शिलकेंतून केलेला खर्च होय, आणि ती शिल्लक संपली कीं खऱ्या चोरीच्या रात्रींही कोणी उठत नाहीं. ती सांभाळावयाची तर यंत्राची रचना थोडी समजून घेऊन त्याची निगा राखली पाहिजे. घरांतील कोणाही शिकलेल्या स्त्रीपुरुषास हें काम सहज जमण्यासारखें आहे.

यंत्राचीं अंगें

कांहीं मोटारींना हें यंत्र कारखान्यांतच बसविलेलें असतें, कांहींना तें मागाहून बसवितात. परंतु मुख्य अंगें दोहोंकडे तींच. डॅशबोर्डच्या आंत एक लहान नियंत्रक पेटी असते. दारें, बॉनेट व डिकी यांना बारीक खटके असतात. दार उघडलें कीं खटक्याकडून पेटीला वर्दी जाते. धक्का ओळखणारा सेन्सर काचेवर किंवा पत्र्यावर झालेल्या आघाताची थरथर टिपतो. बॉनेटखालीं भोंगा असतो आणि पुढच्या काचेजवळ लुकलुकणारा लहानसा दिवा असतो. पुष्कळ गाड्यांत याच्या जोडीला इमोबिलायझर असतो. किल्लीची खूण पटल्यावांचून तो इंजिन चालूंच होऊं देत नाहीं. युरोपीय संघानें १९९८ सालच्या ऑक्टोबरपासून नव्या खाजगी मोटारींना तो सक्तीचा केला, यावरून त्याचें महत्त्व कळेल. भोंगा हांक मारतो आणि इमोबिलायझर वाट अडवितो. शक्य असेल तर दोन्ही असावेत.

रिमोटचें बटण दाबलें कीं क्षीण रेडिओलहरींवरून एक संकेत पेटीकडे जातो. आपल्याकडील पुष्कळ रिमोटांत ही लहर ४३३.९२ मेगाहर्ट्झची असते. आरंभींच्या यंत्रांत हा संकेत नेहमीं एकच असे. तो दुरून टिपून ठेवला कीं चोराला तोच पुन्हां वापरतां येई. यावर उपाय म्हणून दर वेळीं बदलणारा संकेत निघाला. दक्षिण आफ्रिकेंत तयार झालेली आणि १९९५ सालीं अमेरिकेंतील मायक्रोचिप कंपनीनें विकत घेतलेली 'कीलॉक' पद्धति या प्रकारांत फार पसरली. रिमोट आणि पेटी या दोघांपाशीं एक गुप्त अंक व एक मोजणी असते. प्रत्येक दाबण्याबरोबर मोजणी एकानें पुढें सरकते आणि नवा संकेत जातो; वापरलेला संकेत पुन्हां चालत नाहीं.

घरांतल्या मुलांनीं रिमोट खेळावयास घेतला कीं तो "बिघडतो", याचें कारण येथें सांपडतें. गाडी दूर असतां बटण वीसपंचवीस वेळां दाबलें गेलें तर रिमोटची मोजणी पुढें जाते आणि पेटीची मागेंच राहते. वर सांगितलेल्या पद्धतींत पेटी सुमारें सोळा पावलांचें अंतर आपोआप मान्य करते. अंतर त्याहून अधिक झालें तर गाडीजवळ उभें राहून बटण लागोपाठ दोनदां दाबावें. बहुधा दोघांचें पुन्हां जमतें. हा उपाय करून पाहिल्यावांचून दुरुस्तीवाल्याकडे धांवूं नये.

रिमोटची निगा

पूर्वीं वीस पावलांवरून चालणारा रिमोट आतां दाराशीं जाऊन दाबावा लागत असेल, तर त्याचा सेल उतरला असें समजावें. कांहीं रिमोटांत सी.आर. २०३२ नांवाचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. या आंकड्यांना अर्थ आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. कांहींत करंगळीच्या पेरापेक्षां किंचित् मोठा, बारा व्होल्टचा नळकांड्याच्या आकाराचा सेल असतो. त्यावर २३ ए किंवा २७ ए असें लिहिलेलें असतें. जुन्यावरील आंकडे पाहूनच नवा आणावा. धनाग्राची बाजू ध्यानांत ठेवून तो बसवावा आणि बोटांचा घाम सेलला व आंतल्या पितळी पट्ट्यांना लागूं देऊं नये. सेल बदलूनही काम होत नसेल, तर बटणाखालचें रबर झिजलें आहे कीं काय तें पाहावें. जवळ मोठा रेडिओचा मनोरा असेल तर धडधाकट रिमोटही अडतो. अशा जागीं तो गाडीच्या अगदीं निकट नेऊन दाबावा.

याच ठिकाणीं एक गोष्ट निक्षून सांगणें अवश्य आहे. काढलेला चपटा सेल टेबलावर किंवा खिडकींत टाकून ठेवूं नये. लहान मुलानें तो गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला, तर अवघ्या दोन तासांतही आंतून गंभीर भाजूं शकतें. निकामी म्हणून काढलेल्या सेलमध्येंही तेवढी शक्ति शिल्लक असते. नुसता संशय आला तरी मुलाला ओकारी काढावयास लावूं नये आणि वाट न पाहतां तडक रुग्णालयांत न्यावें. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावा आणि पुढें विद्युत्‌वस्तूंच्या कचऱ्यांत द्यावा.

बटण न दाबतां, नुसती खिशांत असतांनाच दार उघडूं देणाऱ्या किल्ल्यांना आणखी एक भय आहे. झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनीं २०११ सालीं दहा प्रकारच्या मोटारींवर प्रयोग करून दाखविलें कीं, अशा किल्लीची व गाडीची बोलणीं दोन यंत्रांच्या साहाय्यानें दुरून जुळवून देतां येतात, आणि किल्ली जवळच आहे असें समजून गाडी उघडते. म्हणून अशी किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर टांगूं नये. घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवल्यास पुष्कळदां भागतें. डबा पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं किल्ली त्यांत घालून डबा गाडीला खेटून धरावा आणि दार उघडून पाहावें. न उघडलें तर डबा कामाचा.

खोट्या हांका

भोंगा निष्कारण वाजण्याचीं कारणें बहुधा साधीं असतात. पहिलें कारण धक्क्याच्या सेन्सरचें. बसविणारा कारागीर तो फार हळवा करून ठेवतो आणि मग शेजारून ट्रक गेला, बॉनेटवर मांजरानें उडी घेतली, दूर ढग गडगडला, तरी भोंगा सुरू. या सेन्सरवर बहुधा एक लहान स्क्रू असतो. तो थोडा थोडा फिरवून हळवेपणा कमी करतां येतो. तळहातानें दारावर हलकी थाप मारली असतां यंत्रानें गप्प बसावें किंवा फार तर दोनचार वेळां चिवचिवावें आणि जोराचा धक्का बसला तरच पुरा टाहो फोडावा, इतपत तो ठेवावा. सेन्सर गाडीच्या घट्ट भागावर पक्का बसविलेला असला पाहिजे. तारांच्या जुडग्याला नुसता बांधलेला असेल तर तो लोंबकळून स्वतःच खोटी वर्दी देतो.

दुसरें कारण खटक्यांचें. पावसाळ्यांत दारांचे व विशेषतः बॉनेटचे खटके ओलाव्यानें व मातीनें गंजतात आणि बंद दार उघडें असल्याची वर्दी जाते. ते पुसून कोरडे करावेत व जीर्ण झाले असतील तर बदलावेत. किंमत थोडी असते. तिसरें कारण उंदीर. पावसांत ते उबेसाठीं बॉनेटखालीं शिरतात व तारांचें आवरण कुरतडतात. म्हणून गाडींत खाद्यपदार्थ ठेवूं नयेत आणि महिन्यांतून एकदां बॉनेट उघडून पाहावें. ज्या यंत्रांना आंतील हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, तीं काच थोडी उघडी राहिली तरी वाऱ्यानें ओरडतात.

दिवाळींतील फटाके आणि गणपतीच्या मिरवणुकींतील ढोलताशे यांची तर आगाऊ सूचना पंचांगच देतें. पुष्कळ यंत्रांत एका वेळेपुरता फक्त धक्क्याचा सेन्सर बंद ठेवण्याची सोय असते. दारांवरचा पहारा चालूच राहतो. कृति हातपुस्तिकेंत पाहून ठेवावी. लावतां-उघडतांना होणारा "टुक-टुक" आवाज बंद करण्याचें बटणही कित्येक रिमोटांवर असतें. रात्रीं उशिरां घरीं येणाऱ्यांनीं त्याचा अवश्य उपयोग करावा.

बॅटरीचा हिशेब

गाडी उभी असली तरी यंत्र जागें असतें आणि जाग्याला अन्न लागतें. भोंग्याचें यंत्र आणि गाडींतील इतर विजेचीं उपकरणें मिळून ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतात असें धरूं. चोवीस तासांत तो सुमारें एक अँपिअर-तास होतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असली, तर सारें कुटुंब मे महिन्यांत कोंकणांत महिनाभर राहून परत येईतों ती जवळ जवळ रिती झालेली असते. बॅटरी जुनी असल्यास त्याआधींच. शिवाय बॅटरी क्षीण झाली कीं कांहीं यंत्रें त्यालाच चोरी समजून ओरडूं लागतात, आणि मालक परगांवीं असल्यानें तें ओरडणें थांबविणारा कोणी नसतो. विसावलेल्या निरोगी बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. तो १२ वर आला तर ती बहुतेक संपली. दीर्घ प्रवासाला जातांना आठदहा दिवसांनीं कोणी तरी गाडी अर्धा तास चालवून आणील अशी व्यवस्था करावी किंवा बॅटरीची तार सोडून ठेवावी. मात्र ज्या भोंग्याच्या पोटांत स्वतःची लहान बॅटरी असते, तो तार सोडतांच किंचाळतो. त्याची किल्ली आधीं फिरवून घ्यावी.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. मोठा फ्यूज घालणें म्हणजे घरच्या आगीला निमंत्रण देणें आहे.

घरची शिस्त

एकत्र कुटुंबांत मोटार एक आणि चालविणारे चार. काकांनीं लावलेली गाडी पुतण्या किल्लीनें उघडतो आणि सारी आळी जागी करतो, असें होऊं नये म्हणून तीन गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. रिमोट निकामी झाल्यास यंत्र गप्प करण्याचें गुप्त बटण कोठें आहे व तें कसें वापरावयाचें, ही पहिली. गाडी दुरुस्तीस देतांना यंत्र तात्पुरतें निजवावें आणि परत आल्यावर न विसरतां जागें करावें, ही दुसरी. एखादा रिमोट हरवल्यास उरलेल्यांची नव्यानें नोंद करून हरवलेला पेटीच्या स्मरणांतून काढून टाकावा, ही तिसरी. हातपुस्तिका गाडींत न ठेवतां घरांतील कागदपत्रांत ठेवावी, हें सांगावयास नकोच.

महिन्यांतून एकदां, भर दिवसां आणि शेजाऱ्यांना आधीं सांगून, यंत्राची परीक्षा घ्यावी. एक काच खालीं करून गाडी रिमोटनें लावावी, मिनिटभर थांबावें आणि हात आंत घालून दार उघडावें. भोंगा वाजलाच पाहिजे. वाजतांच तो बंद करावा. पाळीपाळीनें प्रत्येक दाराची अशी परीक्षा झाली म्हणजे खात्री पटते.

कायद्याचीही याला बाजू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाकरितां आवाजाची मर्यादा दिवसां ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ४५ डेसिबल ठरविलेली आहे. मोटारीचा भोंगा जवळून शंभराहून अधिक डेसिबलनें वाजतो. पण नियमापेक्षां शेजारधर्म मोठा. आपला घरक्रमांक व दूरध्वनीचा क्रमांक रखवालदारापाशीं लिहून ठेवावा आणि भोंगा वाजतांच, मग ती कितीही गैरसोयीची वेळ असो, घरांतील कोणी तरी खालीं उतरावें. मालक दर वेळीं येतो, यंत्र थांबवितो आणि दुसऱ्याच दिवशीं दोष काढून घेतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते शेजारी, आपण परगांवीं असतां तो भोंगा ऐकूं आला तर खिडकीपर्यंत खात्रीनें येतील.