पहिल्या घोटानंतर

दारू सोडलेल्या माणसाने एक घोट घेतला की संपलं, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. बायको तसं मानते, शेजारी मानतात आणि तो स्वतः तर सगळ्यांच्या आधी मानतो. व्यसनांवर उपचार करणारेही बराच काळ हेच सांगत: पोटात थेंब गेला की शरीरच पुढचा पेग मागतं, माणसाचा ताबा उरत नाही. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ही समजूत प्रयोगाने तपासून पाहिली.

मार्लाट मूळचे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे, जन्म १९४१चा. प्रयोगासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३२ व्यसनी आणि ३२ प्रसंगापुरते पिणारे पुरुष निवडले. व्यसनी होते ते सोडण्याच्या वाटेवरचे नव्हते, पीतच होते. पेयांची चव घेऊन मत द्यायचं, लागेल तेवढं प्या, असं सगळ्यांना सांगितलं. टॉनिक वॉटरमध्ये मिसळलेली व्होडका चवीवरून ओळखणं अवघड असतं. त्यामुळे काहींना व्होडका म्हणून नुसतं टॉनिक दिलं, काहींना टॉनिक म्हणून व्होडका. बाकीच्यांना जे सांगितलं तेच दिलं. चवीचं निमित्त होतं, मोजायचं होतं ते कोण किती पितो हे. ग्लासात व्होडका आहे असं ज्यांना वाटलं ते जास्त प्यायले, मग ती असो वा नसो. नकळत व्होडका गेलेल्या व्यसनींचा ताबा मात्र सुटला नाही.

पुढे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी संशोधनासाठी चक्क एक बारच थाटला. पण त्यांचं खरं काम त्यानंतरच्या प्रश्नावर आहे: सुटलेली दारू पुन्हा का सुरू होते? अशा माणसांना विचारून त्यांनी प्रसंगांची वर्गवारी केली. तीन कारणं सगळ्यांत वर आली. खिन्नता, राग, कंटाळा हे पहिलं. भांडण हे दुसरं. आणि ‘घे रे, एकाने काय होतंय’ म्हणणारी मंडळी हे तिसरं. सुमारे ७० टक्के प्रसंग या तिघांतच बसले. लग्नाच्या वरातीत किंवा गटारीला काय चालतं हे पाहिलेल्या मराठी वाचकाला तिसरं कारण समजावून सांगायला नको.

१९८५ साली जुडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात याच्या पुढची पायरी आहे. एकदा घसरलं की माणूस स्वतःला म्हणतो, ‘मी मुळातच नालायक, आता राहिलंच काय?’ ही अपराधाची भावना झोंबते, आणि ती बुजवायला पुन्हा ग्लासच लागतो. मार्लाट यांचा सगळा भर एक घसरण आणि पुन्हा पूर्ण व्यसनात परतणं यांत फरक करण्यावर होता. मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. घरातली आरडाओरड नेमकी त्या अपराधाच्या भावनेलाच खतपाणी घालते.

मार्लाट स्वतः ध्यान करत. तलफ समुद्राच्या लाटेसारखी चढते आणि तिच्याशी झटापट केली नाही तर ओसरतेही, असं ते रुग्णांना शिकवत. सिॲटलजवळच्या एका तुरुंगात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं झाली. ज्या परंपरेचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला आहे, तीच ही. शिबिर केलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी आढळलं, असं मार्लाट यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलं. शिबिराला बसणारे आपणहून आले होते, त्यामुळे सगळं श्रेय विपश्यनेला देता येत नाही.

सर्वांत जास्त गहजब झाला तो एका निवाऱ्यावरून. सिॲटलमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या अट्टल दारुड्यांना एका इमारतीत घरं मिळाली, आणि खोलीत प्यायला बंदी नव्हती. ‘करदात्यांच्या पैशाने दारूचा अड्डा’ असा सूर निघाला. मार्लाट यांचा सहभाग असलेला अभ्यास २००९ साली आला: रहिवाशांचं पिणं कमी झालं होतं, त्यांच्यावरचा सरकारी खर्चही घटला होता. मार्लाट २०११ साली गेले.

या सगळ्याचा अर्थ दारू केवळ मनाचा खेळ आहे, असा कोणी काढू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर थरथर, भास, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. भारत सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. दारू सोडून पुन्हा घसरलेल्यानेही तिथे जरूर फोन करावा, आणि त्याच्या घरच्यांनीही.