जबडा आणि श्वास : रणांगणावरचे दंतवैद्य

छत्रपती संभाजीनगरात लष्कराची जुनी छावणी आहे, आणि घाटी रुग्णालयाच्या आवारात १९८२ साली सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालयही. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न या शहरात क्वचितच कुणी विचारतो. युद्धाचा वैद्यकीय इतिहास वाचला, तर तो संबंध फार जवळचा निघतो.

छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचा वारसा पुढे २० डेक्कन हॉर्सकडे गेला. पहिल्या महायुद्धात या रेजिमेंटने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुडजवळ, भाले रोखून चढाई केली. ज्या ब्रिटिश फौजेसोबत ती लढली, ती ऑगस्ट १९१४मध्ये फ्रान्सला उतरली तेव्हा तिच्यासोबत एकही दंतवैद्य नव्हता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत एनच्या लढाईच्या काळात सेनानी हेग यांची दाढ दुखू लागली आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. त्यानंतर नेमणुका सुरू झाल्या. युद्ध संपेपर्यंत दंतवैद्यांचा आकडा आठशेच्या वर गेला. साध्या सैनिकाची दाढ त्याआधीही ठणकतच होती, हे मला विसरता येत नाही.

मराठी शिपायांच्या तोंडाची दुर्दशा झाली ती मेसोपोटेमियात. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कुटच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. भाजीपाला संपला. धर्माच्या भावनेपोटी अनेक हिंदी सैनिकांनी बराच काळ घोड्याचे मांस नाकारले. स्कर्व्ही पसरला : हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात, जुन्या जखमा उकलतात. तिथे चिमट्यापेक्षा लिंबाची गरज होती.

खंदकांच्या लढाईत मात्र दंतवैद्याचे खरे काम उघड झाले. खंदकाबाहेर सर्वांत आधी डोकावते ते डोके. गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे चेहऱ्यावर बसत. जिभेचे स्नायू खालच्या जबड्याच्या पुढच्या हाडाला जोडलेले असतात. ते हाड चुरले की जीभ आधार सोडून घशात मागे पडते, आणि उताणा झोपवलेला जखमी गुदमरतो. केल्सी फ्राय या तरुण ब्रिटिश डॉक्टरने असा एक सैनिक मान पुढे झुकवून मागे आणला. स्ट्रेचरवर उताणा ठेवताच तो दगावला. फ्राय पुढे जबड्यांच्या उपचारातच रमले. जखमीला पुढे झुकवून बसवणे, तोंडातले रक्त आणि तुटके दात काढणे, गरज पडल्यास जिभेला टाका घालून ती पुढे धरून ठेवणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

दुसरे काम हाड जुळवण्याचे. वरचे आणि खालचे दात नेमके बसले, की जबडा जागेवर आला असे समजावे. ही खूण दंतवैद्याच्या हाताला ठाऊक असते. व्हलाडिए आणि काझांजियन या दोन दंतवैद्यांनी फ्रान्समध्ये तारा आणि पट्ट्यांनी फुटके जबडे बांधले. व्हलाडिए यांचे काम पाहूनच हॅरॉल्ड गिलीज चेहऱ्याच्या पुनर्रचनेकडे वळले. प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात गिलीज यांचे नाव मोठे आहे. दंतवैद्यांचे नाव त्याच ओळीत यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या महायुद्धात, सायपान बेटावर ७ जुलै १९४४ रोजी बेन सॉलोमन हा अमेरिकी दंतवैद्य बटालियनच्या डॉक्टरच्या जागी काम करत होता. जखमींचा तंबू शत्रूने वेढला तेव्हा त्याने जखमींना मागे पाठवले आणि स्वतः मशीनगनवर राहून प्राण दिले. त्याच्यासमोर शत्रूचे ९८ मृतदेह सापडले. वैद्यकीय अधिकाऱ्याने शस्त्र उचलावे का, या जिनिव्हा कराराच्या प्रश्नात त्याचे शौर्यपदक अडकले, ते २००२ साली मिळाले. रुग्णांच्या रक्षणासाठी करार शस्त्राला मुभा देतो, म्हणून हा उशीर मला अन्यायाचा वाटतो.

भारतात १ फेब्रुवारी १९४१ रोजी लष्कराचे स्वतंत्र दंत दल उभे राहिले. आजही बी.डी.एस. झालेले तरुण-तरुणी त्यात कॅप्टन म्हणून दाखल होतात. मोहिमेवर निघण्याआधी सैनिकाचे दात तपासणे, जळालेल्या देहाची ओळख दातांच्या नोंदींवरून पटवणे, हीही त्यांचीच कामे.

आणि जालना रोडवर हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा जबडाही तसाच तुटतो. जखमीला कसे झुकवून बसवावे, हे दंत महाविद्यालयातल्या प्रत्येक आंतरवासी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हाताने शिकवले जावे, आणि छावणीतल्या दंत अधिकाऱ्यांना त्यासाठी मुद्दाम बोलवावे.